जुन्या लोहशाळेच्या अवशेषांवर काम करण्याची संमती : अर्ज नेमका कुठे अडतो

इंग्लंडमध्ये शेफील्डच्या परिसरात पाणचक्कीवर घण चालवणाऱ्या जुन्या लोहशाळा आहेत. वॉर्टली टॉप फोर्ज आणि ॲबीडेल ही त्यांतली परिचित नावे. अशी जागा ‘शेड्यूल्ड मॉन्युमेंट’ म्हणजे कायद्याने संरक्षित प्राचीन स्मारक म्हणून सरकारी यादीत नोंदलेली असेल, तर १९७९ च्या कायद्यानुसार दुरुस्तीलासुद्धा सरकारची लेखी संमती आधी घ्यावी लागते. मालक, भाडेकरू किंवा त्यांच्या वतीने दुसरे कोणी ‘हिस्टॉरिक इंग्लंड’ या वारसा जपणाऱ्या सरकारी संस्थेकडे अर्ज करू शकते, शुल्क नाही.

स्थानिक कौन्सिलची प्लॅनिंग परमिशन (बांधकामाची परवानगी) मिळाली म्हणून काम सुरू करू नका. ती परवानगी वेगळी, ही संमती वेगळी, आणि संमतीविना केलेले काम हा फौजदारी गुन्हा आहे.

सर्वाधिक घोळ अर्जासोबत द्यायच्या मालकीच्या प्रमाणपत्रात होतो. नावावर खरेदीखत असणारा तेवढाच मालक, असे आपण गृहीत धरतो. पण या कायद्यात भाडेपट्ट्याची किमान सात वर्षे शिल्लक असलेला पट्टेदारही मालक ठरतो, आणि त्याला रीतसर नोटीस दिल्याशिवाय प्रमाणपत्र पूर्ण होत नाही. इतकी महत्त्वाची व्याख्या अर्जदाराला ठळकपणे सांगितली जाऊ नये, हे मला अन्यायाचे वाटते.

दुसरी अडचण कामाच्या वर्णनाची. ‘किरकोळ दुरुस्ती’ एवढे लिहून भागत नाही. चर किती लांब, किती खोल आणि कुठे, हे नकाशावर दाखवा. तापलेल्या लोखंडावर घण पडला की पापुद्र्यासारखी खपली उडते. ती मातीत साचते, लोहचुंबकाला चिकटते आणि ऐरण कुठे होती हे दाखवून देते, म्हणून पाइपसाठी खणलेला वीतभर चरही हा पुरावा कायमचा विस्कटतो. कोरड्या पडलेल्या तळ्यात पुन्हा पाणी सोडणे किंवा आवारात भराव टाकणे, यांनाही संमती लागते, हे बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही. मेटल डिटेक्टर वापरायचा असेल, तर त्याचा परवाना निराळा.

भिंत कोसळून जिवाला धोका असेल, तर अत्यावश्यक तेवढेच काम आधी करता येते; मात्र त्याची सविस्तर लेखी सूचना शक्य तितक्या लवकर द्यावी.

मुदतीबाबत कळकळीने सांगतो : संमतीत वेगळे काही नमूद नसेल, तर पाच वर्षे संमती दिल्याच्या तारखेपासून मोजतात, निधी हाती आल्यापासून नव्हे. तेवढ्यात काम सुरू झाले नाही, तर संमती रद्द होते आणि अर्ज पुन्हा पहिल्यापासून करावा लागतो.