टायमिंग लाइट : जुन्या मोटारींसाठी निवड

टायमिंग लाइट म्हणजे पेट्रोल इंजिनातली ठिणगी नेमकी कधी पडते ते डोळ्यांना दाखवणारा लुकलुकता दिवा. आकार बहुधा पिस्तुलासारखा, म्हणून गॅरेजमध्ये त्याला टायमिंग गन म्हणतात. पॉइंट (ठिणगीसाठी प्रवाह तोडणारा स्विच), कंडेन्सर, कॉइल आणि डिस्ट्रिब्यूटर (ठिणगीची वीज प्लगांना वाटणारा भाग) असलेल्या गाड्यांचे टायमिंग हाताने मिळवावे लागते. अशा गाड्यांत ॲम्बेसेडर, प्रीमियर पद्मिनी, स्टँडर्ड हेरल्ड, पेट्रोल जीप आणि कार्ब्युरेटरवाली जुनी मारुती 800 येतात. डिझेल इंजिनात ठिणगीच नसते, त्यामुळे हा दिवा तिथे निरुपयोगी.

ठिणगी पडली की सगळे मिश्रण एकदम पेटत नाही. ज्योत पसरायला काही मिलिसेकंद लागतात. म्हणून पिस्टन वर पोचण्याआधीच ठिणगी पाडावी लागते. मिनिटाला 600 फेऱ्यांवर क्रँकशाफ्ट (पिस्टन फिरवतात तो इंजिनचा मुख्य दांडा) एका मिलिसेकंदात 3.6 अंश फिरतो, 3,000 फेऱ्यांवर 18 अंश. वेग वाढेल तशी ठिणगी आणखी आधी हवी, आणि ते काम डिस्ट्रिब्यूटरच्या पोटातली वजने आणि बाजूची व्हॅक्यूमची डबी करतात. मेकॅनिकच्या हाती असते ती फक्त सुरुवातीची जागा. डिस्ट्रिब्यूटर क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरत असल्यामुळे तो एक अंश सरकला की क्रँकवर दोन अंशांचा फरक पडतो. क्लँप ढिला करून डिस्ट्रिब्यूटरला नुसता हात लावला तरी गाडीची चाल बदलते ती त्यामुळेच.

दिव्याचे तत्त्व स्ट्रोबोस्कोपचे. फिरती वस्तू ठरावीक क्षणीच उजळली तर ती थांबल्यासारखी दिसते, ही करामत बेल्जियमचे जोसेफ प्लाटो आणि ऑस्ट्रियाचे सिमोन श्टाम्फर या दोघांनी 1832 च्या सुमारास स्वतंत्रपणे दाखवली. 1930 च्या दशकात अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये हॅरोल्ड एजर्टन यांनी विजेच्या झटपट झगमगाटाचे तंत्र पक्के केले. मोटारीत हा झगमगाट पहिल्या सिलिंडरच्या प्लग वायरवरून घेतात. चार स्ट्रोकच्या इंजिनात एका सिलिंडरची ठिणगी दोन फेऱ्यांत एकदा पडते. 800 फेऱ्यांवर दिवा मिनिटाला 400 वेळा चमकतो आणि क्रँक पुलीवरची खूण कव्हरवरच्या अंशांच्या रेघांसमोर स्थिर उभी राहिलेली दिसते.

इंदूरला मोटारींचा शौक जुना. महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी 1930 च्या दशकात मागवलेली, लंडनच्या गर्नी नटिंगने बॉडी बांधलेली ड्यूसेनबर्ग आजही जगभरच्या संग्राहकांत नावाजलेली आहे. रामबाग, लोकमान्यनगर, राजेंद्रनगरच्या मराठी घरांतला शौक साधा: आजोबांची पद्मिनी, तिच्यावर ताडपत्री, आणि रविवारी तिला सुरू करून पाहणारा नातू. त्याला लागणारा दिवा सियागंजच्या टूल्सच्या दुकानांत किंवा ऑनलाइन शोधावा लागतो. तिथे पेटीवर लिहिलेल्या सोयींची यादी पाहून भुलायला होते. जुन्या गाडीसाठी त्यातल्या बऱ्याच सोयी बिनकामाच्या असतात.

सगळ्यात जुना प्रकार निऑनचा. त्याला वेगळी बॅटरी लागत नाही, तो प्लग वायरच्याच मार्गात जोडतात. पण उजेड नारिंगी आणि मंद. मे महिन्यात माळव्याच्या भर दुपारी तो दिसणार नाही, त्यामुळे काम दिवेलागणीनंतर. आज घ्यायचा तो झेनॉन ट्यूबचा, 12 व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा आणि प्लग वायरला नुसता चिमटा लावून सिग्नल घेणारा. एलईडीवाले दिवे हलके आणि टिकाऊ असतात, पण उन्हात त्यांची खूण शोधावी लागते. खूण खडूने किंवा नेलपॉलिशने आधीच पांढरी करून ठेवली तर कोणताही दिवा थोडा बरा वाटतो.

खरी परीक्षा चिमट्याची. बहुतेक स्वस्त दिवे मरतात ते इथे. चिमट्याच्या आत फेराइट या चुंबकीय पदार्थाचे दोन तुकडे असतात. ते नीट मिटले नाहीत, मध्ये ग्रीस किंवा कचरा अडकला, किंवा एक तुकडा तडकला, की दिवा ठिणग्या चुकवतो. धातूच्या कवचाचा चिमटा घ्यावा, कारण प्लॅस्टिकचा एकदा एक्झॉस्ट मॅनिफोल्डला टेकला की वितळला. अनेक चिमट्यांवर बाण असतो, तो प्लगच्या दिशेने ठेवायचा. शेजारच्या प्लग वायरी दूर साराव्यात, नाहीतर त्यांचाही सिग्नल त्यात मिसळतो. वायर पुरेशी लांब हवी, आणि दिव्यापासून सुटी होणारी असेल तर उत्तम. तुटली तर तेवढीच बदलता येते. विकत घेण्याआधी चालू गाडीवर ट्रिगर दाबून इंजिन 3,000 पर्यंत न्यावे. चमक मध्येच गळाली तर दिवा परत ठेवावा.

मागे अंशांची खुंटी असलेल्या दिव्यात टायमिंग थेट अंशांत वाचता येते, आणि वेग वाढल्यावर वजनांचा ॲडव्हान्स (ठिणगी किती अंश आधी पडते ते) किती येतो तेही मोजता येते. हे दिवे चमक मुद्दाम उशिरा पाडतात, आणि तो उशीर इंजिनच्या वेगावरून काढतात. हिशोब आला की चूकही शिरते. तपासायची रीत सोपी: कव्हरवर 0 आणि 10 अशा दोन्ही रेघा असलेली गाडी घ्या, खुंटी शून्यावर ठेवून खूण 10 वर आणा, मग खुंटी 10 वर करा. खूण शून्यावर जायला हवी. ती अलीकडे थांबली किंवा पुढे गेली तर खुंटी खोटी. एका प्लगला एका वेळी अनेक ठिणग्या देणारी बॉक्स लावलेल्या गाडीवर खुंटीवाले दिवे हमखास फसतात. बिनखुंटीच्या साध्या दिव्यात चुकायला जागाच कमी, म्हणून घरच्या एका गाडीसाठी तोच पुरतो.

दिवा कितीही चांगला असला तरी तो पुलीवरची खूण दाखवतो, पिस्टन नव्हे. जुन्या गाडीत पुली बदललेली असते, खूण गंजून गेलेली असते, किंवा बाहेरचे कडे आतल्या रबरावरून घसरलेले असते. काही इंजिनांत खूण पुलीवर नसतेच, क्लच हाउसिंगवरचे रबरी बूच काढून फ्लायव्हीलवर पाहावी लागते. त्यामुळे दिवा आणण्याआधी खूण खरी करून घ्यावी. पहिल्या प्लगच्या जागी पिस्टनला अडवणारा बोल्ट लावून क्रँक हाताने हळूच दोन्ही बाजूंनी फिरवायचा. जिथे जिथे अडतो त्या दोन जागांचा मध्य म्हणजे पिस्टनची वरची टोकाची जागा. पॉइंटचा गॅपही आधीच बसवावा, कारण गॅप बदलला की टायमिंगही हलते. मग व्हॅक्यूमची नळी काढून तिचे तोंड बंद करायचे आणि आयडलिंग (गाडी उभी असतानाचा इंजिनचा संथ वेग) पुस्तकात सांगितले तेवढे खाली आणायचे. ते जास्त राहिले तर वजने आधीच सरकतात आणि आकडा खोटा येतो.

खूण नाचत असेल तर बहुतेक जण दिव्याला दोष देतात. चार सिलिंडरच्या ॲम्बेसेडर किंवा पद्मिनीत याची छान पडताळणी करता येते. तिथे फायरिंग ऑर्डर, म्हणजे ठिणग्यांचा क्रम, 1-3-4-2 असते, आणि 1 व 4 या सिलिंडरांच्या ठिणग्यांत क्रँकची बरोबर एक पूर्ण फेरी जाते. म्हणून चिमटा चौथ्या वायरीवर लावला तरी खूण त्याच जागी दिसायला हवी. दोन-चार अंश सरकली तर डिस्ट्रिब्यूटरचा बुश झिजला आहे किंवा कॅम समान राहिलेला नाही; दिवा मात्र ठीक आहे. तीन सिलिंडरच्या मारुतीत ही युक्ती चालत नाही.

मुरलेले मेकॅनिक टायमिंग कानावर मिळवतात: आयडलिंग सगळ्यात गुळगुळीत होईपर्यंत डिस्ट्रिब्यूटर पुढे, मग किंचित मागे, आणि टेस्ट खंडवा रोडवर. भेरूघाटात, निमाडातून माळव्यात चढताना, भरल्या गाडीत टॉप गिअरवर इंजिन टकटक करू लागले तर ॲडव्हान्स जास्त. ही पद्धत टाकाऊ नाही. पण आयडलिंग सगळ्यात गोड लागते ती जागा बहुधा गरजेपेक्षा ॲडव्हान्स असते, आणि ज्या टकटकीने (नॉकिंगने) पिस्टन पोखरला जातो तिचा आवाज खिडक्या मिटून, पंखा लावून चालवणाऱ्याला ऐकूच येत नाही. दिवा इथे कानाला मदत करतो. शिवाय पुस्तकातला आकडा त्या काळच्या पेट्रोलसाठी आहे. टकटक रोखणारे शिसेयुक्त पेट्रोल देशात 1 फेब्रुवारी 2000 पासून बंद झाले. म्हणून आकडा गाठल्यावरही घाटातली फेरी मारावीच.

एक धोका मात्र दिव्याचाच. तो ज्या तालावर चमकतो त्यात रेडिएटरचा पंखाही थांबल्यासारखा किंवा संथ फिरताना दिसतो, आणि हात सहज आत जातो. ओढणी, पदर, सैल बाही, गळ्यातला दोरा बाजूला करूनच वाकावे, आणि वायरी पंख्याच्या पट्ट्यापासून लांब बांधाव्यात.

सहा व्होल्टच्या गाडीवर, जसे महायुद्धकाळातल्या विलीज जीपवर, झेनॉनचा दिवा शेजारी ठेवलेल्या वेगळ्या 12 व्होल्ट बॅटरीवरून चालवायचा. प्लग वायरचा चिमटा तर गाडीच्या विजेला जोडलेलाच नसतो, त्यामुळे वेगळी बॅटरी चालते. 1960 च्या दशकापर्यंतच्या अनेक ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचे धन टोक बॉडीला असते. तिथे लाल क्लिप तरीही धन टोकावरच लावायची, म्हणजे बॉडीच्या बाजूला. काळी सवयीने बॉडीवर गेली तर दिवा एकतर लागत नाही किंवा कायमचा जातो.