माळावरचं गवत उगवतं, पण रुजत का नाही?

सोलापूर जिल्ह्यातल्या खारवट गायरानांवर गवताचं बी पेरलं की चांगल्या सरीनंतर ते बऱ्याचदा उगवतं. महिनाभरात मात्र रोपं दिसेनाशी होतात आणि दोष बियाण्याला लागतो. खरी अडचण मुळांची असते.

अंजन किंवा मारवेल या चाऱ्याच्या गवतांचं बी आधी एकच बारीक मूळ खाली सोडतं. त्यावर रोप काही आठवडेच तग धरतं. कायमची मुळं नंतर बुडख्यातून फुटतात, आणि बी थोडं खोल पडलं तरी हा बुडखा जमिनीच्या अगदी वरच्या थरात तयार होतो. मुळं फुटताना तो थर सलग दोन-तीन दिवस ओला हवा. म्हणजे एक पाऊस उगवायला आणि दुसरा रुजायला. मधल्या उघडिपीत खालची ओल वर येऊन उडून जाते, क्षार नेमके याच थरात साठतात. मग माती ओलसर असली तरी रोपाला पाणी ओढता येत नाही.

इथे जून-जुलैच्या सरींनंतर अनेकदा मोठा खंड पडतो. भरवशाचा पाऊस सप्टेंबरचा. शाळूसुद्धा त्याच ओलीवर येतो. म्हणून अशा माळावर मृगात पेरण्याची घाई नको. ऑगस्टच्या उत्तरार्धात, वरचे क्षार पावसानं खाली गेल्यावर पेरावं.

त्याआधी जमीन ओळखावी. एक भाग वाळलेली माती आणि पाच भाग पावसाचं पाणी बाटलीत हलवून रात्रभर ठेवा. पाणी नितळ झालं आणि माळावर पांढरा थर दिसत असेल, तर जमीन खारवट. गढूळच राहिलं तर ती चोपण, म्हणजे सोडियम जास्त असलेली, असण्याची शक्यता मोठी. चोपण माती पावसानंतर कडक पापुद्रा धरते आणि अंकुर खालीच अडकतो. तिथे माती परीक्षणानुसार जिप्सम लागतं. सगळीकडे टाकणं परवडत नसेल तर निदान पेरणीच्या ओळीत तरी मिसळावं.

नितळ झालेलं ते पाणी फेकू नका. ओल्या फडक्यावर १०० बिया साध्या पाण्यात आणि १०० या पाण्यात उगवून पाहा. फक्त या पाण्यात उगवण कमी असेल तर अडचण क्षारांची. साध्या पाण्यातही कमी असेल तर बी जुनं, पोचट किंवा सुप्तावस्थेत आहे. अंजनाचं ताजं बी नीट उगवत नाही, ते मागच्या हंगामातलं घ्यावं.

उताराला आडवे १५ ते २० सेंटिमीटर खोल चर काढावेत. वरंब्याच्या माथ्यावर क्षार चढतात, तळात गाळ बसून बी गाडलं जातं. म्हणून बी चराच्या कुशीत, तळापासून थोडं वर टाकावं. हेक्टरी ४-५ किलो बी ओलसर वाळूत कालवलं की कुसं एकमेकांत अडकत नाहीत. एक सेंटिमीटरपेक्षा जास्त माती लोटू नये. वर तुराट्या विरळ पसराव्यात, त्यानं बाष्पीभवन आणि क्षारांची चढण दोन्ही मंदावतात.

फार खारवट तुकड्यांवर बियांच्या नादी न लागता मुळासकट ठोंबं लावावीत. ५० × ५० सेंटिमीटरवर हेक्टरी ४०,००० ठोंबं बसतात. मजुरी जास्त पडते, पण उगवणीचा सगळ्यात नाजूक टप्पा टळतो.

पहिला हंगाम चराई पूर्ण बंद हवी. शेळ्या-मेंढ्या सोडण्याआधी ठिकठिकाणी मूठभर पाती धरून ओढून पाहा: पाती तुटून हातात आली तर मुळं धरली आहेत, रोप उपटून आलं तर चराई पुढच्या पावसाळ्यानंतरच.