मारिओच्या आड लपलेला जपान

१९९२ साली अमेरिकेतल्या सिॲटलचा ‘मरिनर्स’ हा बेसबॉल संघ दुसऱ्या शहरात जायच्या बेतात होता. त्याला वाचवायला पैसे घेऊन पुढे आले ते जपानमधल्या क्योतोचे हिरोशी यामाउची, व्हिडिओ गेम बनवणाऱ्या निन्तेंदो कंपनीचे अध्यक्ष. बेसबॉलच्या कारभाऱ्यांनी आधी नाक मुरडलं. अमेरिका आणि कॅनडाबाहेरचा मालक आम्हाला चालत नाही, असं धोरण पुढे केलं. जूनमध्ये परवानगी मिळाली ती अट घालूनच. निम्म्याहून जास्त पैसा यामाउचींचा, पण मताधिकार निम्म्याहून कमी.

तो काळ लक्षात घेतला की ही चिडचिड समजते. सोनीने १९८९ मध्ये कोलंबिया पिक्चर्स हा चित्रपट स्टुडिओ विकत घेतला होता. त्याच वर्षी मित्सुबिशी इस्टेटने न्यूयॉर्कच्या रॉकफेलर सेंटरमध्ये बहुमताचा हिस्सा घेतला. जपानी मालाविरुद्धच्या संतापाचं प्रदर्शन म्हणून मोटारी हातोड्याने फोडल्या जात होत्या. आणि ज्यांच्या घरी हा संताप होता, त्यांचीच मुलं दिवाणखान्यात बसून निन्तेंदोच्या खेळातल्या मारिओला उड्या मारायला लावत होती. मारिओबद्दल कोणाचीच तक्रार नव्हती, कारण तो जपानी आहे हे कोणाला जाणवतच नव्हतं.

अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ जोसेफ नाय यांनी ‘सॉफ्ट पॉवर’ची कल्पना १९९० मध्ये मांडली. धाक किंवा पैसा न वापरता, दुसऱ्याला आपलं आकर्षण वाटावं आणि त्यातून आपलं म्हणणं मान्य व्हावं, असा तिचा साधारण अर्थ. जपानी व्हिडिओ गेमचं उदाहरण या चर्चेत हमखास येतं, पण ते त्या चौकटीत सरळ बसत नाही. आकर्षण होतं, फक्त त्यावर देशाचं नाव नव्हतं.

सुरुवात नाण्यावर चालणाऱ्या यंत्रांपासून झाली. तोमोहिरो निशिकादो यांचा ‘स्पेस इन्व्हेडर्स’ १९७८ मध्ये आला, तोरू इवातानी यांचा ‘पॅक-मॅन’ १९८० मध्ये. पुढच्याच वर्षी शिगेरू मियामोतो यांच्या ‘डाँकी काँग’मध्ये टोपीवाला, मिशीवाला एक नायक दिसला. निन्तेंदोच्या अमेरिकेतल्या गोदामाचे मालक मारिओ सेगाले यांच्यावरून त्याचं नाव पडलं. क्योतोत हानाफुदा पत्ते बनवण्यासाठी १८८९ मध्ये निघालेल्या कंपनीचा सर्वांत ओळखीचा चेहरा असा इटालियन ठरला.

१९८३ मध्ये अमेरिकेतला घरगुती गेमचा बाजार कोसळला. अटारी या अमेरिकी गेम कंपनीने न खपलेल्या कॅसेटी न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्दो इथे जमिनीत पुरल्या. नेमक्या त्याच वर्षी जुलैत जपानमध्ये ‘फॅमिकॉम’ हा निन्तेंदोचा घरगुती गेमचा डबा बाजारात आला. तोच १९८५ मध्ये अमेरिकेत नेताना निन्तेंदोने त्याचं रूप पार पालटलं. रंगीत खेळण्यासारखा तो डबा करडा, व्हिडिओ रेकॉर्डरसारखा झाला. गेमचं नाव काढताच दुकानदार दार लावत होते, म्हणून सोबत एक छोटा यंत्रमानव दिला आणि खेळणं म्हणून माल आत सरकवला. क्रूस, दारू, रक्त असलं काही अमेरिकी आवृत्तीत राहू नये याची खबरदारीही घेतली. अभ्यासक कोइची इवाबुची यांनी अशा निर्यातीला ‘सांस्कृतिक गंध’ नसलेला, म्हणजे कुठल्या देशाचा हे जाणवू न देणारा माल म्हटलं आहे. माझ्या मते हे फार नेमकं निरीक्षण आहे, आणि या सगळ्या इतिहासाची किल्लीही तीच.

शेजारच्या दक्षिण कोरियात हा गंध मात्र लगेच ओळखला जात होता. वसाहतकाळाच्या आठवणींमुळे जपानी करमणुकीवर तिथे दीर्घकाळ निर्बंध होते. ते टप्प्याटप्प्याने उठवायला राष्ट्राध्यक्ष किम दे-जुंग यांनी १९९८ मध्ये सुरुवात केली. पण खेळ त्याआधीच पोचले होते. निन्तेंदोचं यंत्र ‘ह्युंदाई’च्या नावाने आणि सेगा या दुसऱ्या जपानी कंपनीचं ‘सॅमसंग’च्या नावाने विकलं जात होतं.

भारतात तर मूळ यंत्राचीही गरज पडली नाही. नव्वदच्या दशकात पुण्या-मुंबईपासून तालुक्याच्या गावापर्यंत ‘टीव्ही गेम’ पोचला तो फॅमिकॉमच्या स्वस्त नकलांमधून. ‘९९९९ इन वन’ असं छापलेल्या कॅसेटमध्ये प्रत्यक्षात मोजके खेळ उलटसुलट भरलेले असायचे. मारिओ होता, आणि कोनामी या जपानी कंपनीचा ‘काँट्रा’ होता, त्याचे नायक तर थेट हॉलिवुडछाप. यातला छदामही बहुधा जपानला गेला नसेल. पण एका पिढीचं बालपण गेलं ते जपानी खेळांत, आणि तेही नकळत.

जपानी सरकार या काळात कुठे होतं? संगणक आणि चिप यांच्या संशोधनाला त्याने पाठबळ दिलं; खेळ म्हणजे पोरांना बिघडवणारी चीज, हीच तिथल्या वडीलधाऱ्यांचीही भावना होती.

चित्र पालटायला सुरुवात झाली ‘पोकेमॉन’पासून. सातोशी ताजिरी यांना लहानपणी किडे गोळा करायचा छंद होता. निन्तेंदोची ‘गेमबॉय’ ही हातात धरायची दोन यंत्रं केबलने जोडून किड्यांची देवाणघेवाण करावी तसा खेळ त्यांनी रचला आणि तो फेब्रुवारी १९९६ मध्ये आला. अमेरिकेत जाताना पोकेमॉनच्या कार्टून मालिकेतल्या सातोशी या नायकाचा ‘ॲश’ झाला खरा, पण त्यावर वाढलेली मुलं मोठी होऊन मूळ जपानी माल शोधू लागली. मग लपवाछपवीची गरजच उरली नाही. १९९९ च्या ‘शेनमू’ या खेळात १९८६ चं योकोसुका शहर होतं, २००५ च्या ‘याकुझा’त तोक्योच्या काबुकिचोवर बेतलेली वस्ती, २०१६ च्या ‘पर्सोना ५’मध्ये शिबुयाचा चौक.

सरकारला जाग आली ती बाहेरच्याने सांगितल्यावर. अमेरिकी पत्रकार डग्लस मॅक्ग्रे यांनी २००२ मध्ये जपानच्या ‘राष्ट्रीय कूल’विषयी लेख लिहिला आणि तोक्योत त्याची मोठी चर्चा झाली. २०१० मध्ये अर्थ-व्यापार मंत्रालयात ‘कूल जपान’ या मोहिमेसाठी विभाग निघाला, २०१३ मध्ये निधी. निधीचा साचलेला तोटा २०२२ पर्यंत ३,००० कोटी येनच्या पुढे गेला. बाबूंनी पैसा ओतून कूल होता येत नाही, हे सांगायला खरं तर आकड्यांचीही गरज नव्हती. सरकार अजून थांबलेलं नाही. खेळ, ॲनिमे (जपानी कार्टून), मांगा (चित्रकथा) वगैरेंची परदेशी विक्री २०३३ पर्यंत २० लाख कोटी येनवर न्यायचं उद्दिष्ट २०२४ मध्ये ठरवलं आहे.

सरकारचा सर्वांत यशस्वी प्रयोग फुकटातला म्हणावा असा होता. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकच्या समारोपात पंतप्रधान शिंझो आबे मारिओच्या वेशात हिरव्या नळातून बाहेर आले. २०२१ मध्ये तोक्योत उद्घाटनाच्या वेळी खेळाडूंचे संघ ‘ड्रॅगन क्वेस्ट’, ‘फायनल फँटसी’ यांच्या संगीतावर चालत आले. ‘ड्रॅगन क्वेस्ट’चे संगीतकार कोइची सुगियामा जपानचे युद्धकाळातले अत्याचार नाकारणारे म्हणून ओळखले जात, त्यावरही टीका झाली. निन्तेंदोची धून त्यात नव्हती.

या शक्तीची मर्यादाही उघड आहे. २००५ आणि २०१२ मध्ये चीनच्या रस्त्यांवर जपानविरोधी निदर्शनं झाली, तेव्हा जपानी खेळ आणि कार्टूनवर वाढलेली पिढी तरुण झालेली होती. खेळ आवडला म्हणून इतिहासाचा हिशेब कोणी सोडत नाही.

शिवाय जपान दाखवण्याची मक्तेदारी आता जपानकडे नाही. त्सुशिमा या जपानी बेटावर घडणारा २०२० चा ‘घोस्ट ऑफ त्सुशिमा’ हा खेळ सोनीच्या अमेरिकी स्टुडिओने केला आणि त्सुशिमा शहराने त्याच्या निर्मात्यांना पर्यटनदूत नेमलं. त्याच वर्षी वादळात तिथल्या देवस्थानाची तोरी कमान पडली, तेव्हा जगभरच्या खेळाडूंनी वर्गणी पाठवली. २०२५ मध्ये उलटं घडलं. फ्रान्सच्या युबिसॉफ्टने काढलेल्या ‘असॅसिन्स क्रीड शॅडोज’मध्ये खेळाडूला ह्योगो प्रांतातल्या एका खऱ्याखुऱ्या देवळात मोडतोड करता येते, ही तक्रार खासदार हिरोयुकी कादा यांनी थेट संसदेत मांडली. तेव्हाचे पंतप्रधान इशिबा यांना उत्तर द्यावं लागलं. खेळ बाजारात आला त्याच दिवशी कंपनीने दुरुस्ती सोडली: देवळांतली टेबलं आणि मांडण्या आता फुटत नाहीत.