शेंगोळ्यांची ऊब येते कुठून?

कोजागिरी उलटली की सातारा जिल्ह्याच्या पूर्व भागातली हवा दोन तोंडांनी बोलायला लागते. दुपारी ऊन अजून चटके देत असतं आणि पहाटे दहिवडी-म्हसवडच्या बाजूला घोंगडी अंगावर ओढावी लागते. एकाच दिवसात एवढा फरक पडतो तो कोरड्या हवेमुळे. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळतो, तर त्याच जिल्ह्यातल्या माण तालुक्याच्या वाट्याला जेमतेम पाचशेच्या आसपास येतो. सह्याद्रीने ढग अडवले की पलीकडच्या पठारावर उरते ती निरभ्र रात्र. दिवसभर तापलेली जमीन रात्री अवरक्त किरणांच्या रूपात उष्णता सोडते. हवेत बाष्प आणि ढग असते तर त्यातली बरीचशी पुन्हा खाली आली असती. इथे ती थेट आभाळात निघून जाते.

याच दिवसांत खरिपाचं धान्य खळ्यावरून घरात आलेलं असतं किंवा यायच्या बेतात असतं: बाजरी, मटकी, हुलगा म्हणजेच कुळीथ. आणि संध्याकाळी हुलग्याचे शेंगोळे रटरटायला लागतात. ज्यांनी ते खाल्लेले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. हुलग्याच्या पिठात थोडं ज्वारीचं किंवा गव्हाचं पीठ, ठेचलेला लसूण, जिरं, हळद, तिखट, मीठ घालून पीठ घट्ट मळायचं. हातावर लांब वळ्या करून त्यांची टोकं जुळवायची, की कडं तयार. लसणाच्या फोडणीत पाणी ओतून त्याला खळखळून उकळी आणायची, कडी त्यात सोडायची आणि सावकाश शिजू द्यायची. वरून तूप किंवा कच्चं तेल, सोबत कांदा आणि भाकरी. थंडीत याच्याइतकं समाधान देणारं जेवण मला तरी दुसरं ठाऊक नाही.

हुलगा ‘उष्ण’ असतो, असं घराघरांत सांगतात. हा समज थेट झटकून टाकण्यापेक्षा मोजून बघावा. शेंगोळे खाल्ल्यावर अंगात येणारी ऊब नेमकी येते कुठून?

वाटीतल्या रश्श्यापासूनच सुरुवात करू. समजा, तीनशे ग्रॅम रस्सा आपण साठ अंश सेल्सिअसला प्यायलो. पोटात गेल्यावर तो शरीराच्या सदतीस अंशांपर्यंत निवतो, म्हणजे तेवीस अंशांची उष्णता आपल्याला देतो. पाण्याचा हिशेब धरला तर ही उष्णता सुमारे सात किलोकॅलरी भरते. नुसता बसलेला प्रौढ माणूस तासाला साधारण सत्तर किलोकॅलरी उष्णता बाहेर टाकत असतो. म्हणजे गरम रश्श्याची सगळी पुंजी शरीराच्या सहा मिनिटांच्या खर्चाएवढी. तरीही पहिल्या घोटाला बरं वाटतं, कारण तोंडात, अन्ननलिकेत आणि जठरात तापमान ओळखणारे चेतातंतू आहेत आणि ते मेंदूला लगेच खबर देतात. गरम वाटीभोवती धरलेले तळहातही तेच काम करतात. ही ऊब खोटी नाही, पण टिकणारी नाही.

टिकणारी ऊब जेवणानंतर अर्ध्या-पाऊण तासाने सुरू होते. अन्न पचवणं हे शरीरासाठी मेहनतीचं काम आहे. पाचकरस तयार करायचे, आतड्यांनी अन्न पुढे ढकलायचं, प्रथिनं फोडून अमिनो आम्लं रक्तात घ्यायची, त्यांच्यातला नायट्रोजन यकृतात वेगळा काढून त्याचा युरिया बनवायचा, उरलेल्या साखरेचा साठा करायचा. या प्रत्येक टप्प्यावर ऊर्जा लागते आणि खर्च झालेली ऊर्जा शेवटी उष्णता होऊन अंगातच उरते. फ्रान्समध्ये आंत्वान लाव्हाझिए आणि त्यांचे सहकारी आर्मां सेग्वँ यांनी १७९० च्या सुमारास माणूस श्वासातून किती ऑक्सिजन वापरतो हे मोजलं होतं. प्रयोगासाठी सेग्वँ स्वतःच बसले होते. थंडीत, कामात आणि जेवणानंतर ऑक्सिजनचा वापर वाढतो, हे त्यांना तेव्हाच दिसलं. पुढे माक्स रुबनर या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने दाखवलं की ही वाढ सगळ्या अन्नात सारखी नसते. ती प्रथिनांमुळे सर्वांत जास्त होते.

आजचे आकडे असे आहेत. प्रथिनांतून मिळणाऱ्या ऊर्जेपैकी वीस ते तीस टक्के ऊर्जा पचनातच उष्णता म्हणून निघते. पिष्टमय पदार्थांत हे प्रमाण पाच ते दहा टक्के, आणि तेला-तुपात फार तर तीन टक्के. आपल्या नेहमीच्या मिश्र जेवणाचा सरासरी हिशेब दहा टक्क्यांच्या आसपास येतो. सहाशे किलोकॅलरींचं जेवण झालं तर साठ किलोकॅलरी उष्णता पुढच्या चार-सहा तासांत हळूहळू निघत राहते. रश्श्याच्या सात किलोकॅलरींपेक्षा ही आठपटीहून जास्त झाली.

आता हुलग्याकडे या. कोरड्या हुलग्यात सुमारे बावीस टक्के प्रथिनं असतात, म्हणजे ज्वारी-बाजरीच्या जवळपास दुप्पट. नुसत्या भाकरीवर झालेल्या जेवणापेक्षा तितक्याच ऊर्जेच्या शेंगोळ्यांच्या जेवणातून पचनाची उष्णता जास्त निघणार, हे ओघानंच आलं. हुलगा उष्ण असतो हे म्हणणं, निदान या एका अर्थाने, मापात बसतं. पण तोच न्याय मटकीला, मसुराला आणि अंड्यालाही लावावा लागेल. हुलग्याचं वेगळेपण शेतात आहे: जिथे दुसरं कडधान्य माना टाकतं अशा हलक्या, मुरमाड रानात, दोन पावसांवरही तो दाणा धरतो. म्हणूनच माण-खटावात प्रथिनांचा सर्वांत भरवशाचा साठा तोच ठरला. बैलांना हुलगा भिजवून, उकडून घालतात, आणि ते जनावराचं खाणं म्हणून शहरात गेलेल्या मुलांनी त्याच्याकडे पाठ फिरवली, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पचनाच्या उष्णतेचं प्रमाणही डोळ्यांसमोर असायला हवं. साठ किलोकॅलरी पाच तासांत वाटल्या तर ती शक्ती चौदा वॅटच्या आसपास येते. स्वस्थ बसलेलं शरीर जुन्या ऐंशी वॅटच्या बल्बएवढी उष्णता देत असतं, त्यात ही चौदाची भर. थंडी पळवायला एवढी पुरत नाही. ती अंगाजवळ धरून ठेवावी लागते, आणि ते काम घोंगडी करते. लोकरीच्या धाग्यांमध्ये अडकलेली हवा हलत नाही, त्यामुळे उष्णता बाहेर जायला वाट मिळत नाही. जेवणाने उष्णता तयार करायची आणि घोंगडीने ती राखायची, अशी ही जोडी आहे.

मग तिखटाचं काय? शेंगोळ्यांचा रस्सा झणझणीत असला की कपाळावर घाम येतो, कान तापतात, आणि थंडी गेल्यासारखं वाटतं. मिरचीतलं कॅप्सायसिन जिभेवरच्या आणि त्वचेतल्या चेतातंतूंवर असलेल्या टीआरपीव्ही-१ नावाच्या प्रथिनाला चिकटतं. हे प्रथिन एरवी त्रेचाळीस अंशांच्या आसपासच्या चटक्याला उघडतं. कॅप्सायसिन ते कमी तापमानालाच उघडतं आणि मेंदूला चटका बसल्याचा निरोप जातो. डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने हे प्रथिन १९९७ मध्ये शोधलं आणि २०२१ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल ज्युलियस व आर्डेम पटापूटियन यांना मिळालं. मेंदूला शरीर तापलंय असं वाटलं की तो त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंद करतो आणि घाम आणतो. ही दोन्ही कामं शरीर थंड करण्याची आहेत. म्हणजे तिखटाने आपल्याला गरम वाटत असतं तेव्हा त्वचेतून उष्णता बाहेर चाललेली असते.

घरात बसून जेवणाऱ्याला याने काही बिघडत नाही. पण रात्री येणाऱ्या पंपाच्या लायटीवर ज्वारीला किंवा कांद्याला पाणी द्यायला जाणाऱ्याने हे लक्षात घ्यावं. घामेजलेल्या अंगाने, ओल्या पायांनी बांधावर उभं राहिलं की तो घाम सुकताना आणखी उष्णता घेऊन जातो. त्याच्या ताटात तिखट बेताचं आणि शेंगोळे जास्त असावेत. सोबत पोटभर भाकरी आणि तूप हवंच, कारण रात्रभर हातपाय चालवायचं इंधन तिथूनच येतं.

आता रश्श्याच्या दाटपणाकडे वळू, कारण या पदार्थातली खरी करामत मला तिथे दिसते. हुलग्याच्या पिठात ग्लुटेन नसतं. गव्हाच्या कणकेसारखा चिवटपणा त्याला येत नाही, तरी उकळत्या पाण्यात कडं विरघळत नाही. पाणी खळखळत असलं की कड्याच्या बाहेरच्या थरातलं पिष्ट क्षणात फुगतं, त्याची खळ होते, प्रथिनंही उष्णतेने आवळतात आणि एक साल तयार होते. आतलं पीठ मग त्या सालीच्या आश्रयाने सावकाश शिजतं. पाणी नुसतं कोमट असेल तर साल धरण्याआधीच पीठ सुटतं आणि पातेल्यात गिचका होतो. उकळी आल्याशिवाय शेंगोळे सोडू नयेत, असं जाणत्या बायका बजावतात ते यासाठीच.

थोडं पीठ तरीही सुटतंच, आणि तेच रश्श्याला दाट करतं. पातळ पाण्यात वरचा थर निवला की तो जड होऊन खाली जातो आणि तळचं गरम पाणी वर येतं. असं चक्र सुरू राहिल्यामुळे पाणी भराभर थंड होतं. दाट रश्श्यात हे चक्र मंदावतं. वरचा थर निवतो, पण आतला ताप आतच राहतो. पहिल्या घासाला जीभ न पोळलेला माणूस मधल्या घासाला पोळतो तो म्हणूनच. पिठलं आणि माडगं यांनाही हेच लागू आहे. वर तरंगणारा तेलाचा कट आणखी एक काम करतो: तो पाण्याची वाफ होऊ देत नाही. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला साडेपाचशेच्या आसपास कॅलरी लागतात, आणि त्या उरलेल्या रश्श्यातूनच जातात. कट जाड असलेल्या रश्श्यातून वाफ कमी निघते आणि तो जास्त वेळ गरम राहतो. त्यामुळे वाफा दिसत नाहीत म्हणून निवलं असेल, असं समजून लहान मुलाच्या तोंडात घास घालू नये. कॅप्सायसिनही तेलातच विरघळतं, तेव्हा कट बाजूला सारला तर तिखटही बरंचसं कमी होतं.

शिजवण्यात मात्र घाई नको. कच्च्या हुलग्यात प्रथिनं पचवणाऱ्या ट्रिप्सिन या विकराला अडवणारे पदार्थ असतात. चांगल्या उकळीत वीस मिनिटं शिजवलं की त्यांचा जोर बराच ओसरतो. बैलाचा हुलगा उकडून घालण्यामागेही हाच फायदा आहे. कोरेगावच्या वाघ्या घेवड्याची आमटी करणाऱ्यांनी जास्त जपावं. राजम्याच्या जातीच्या या दाण्यांत फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं विषारी प्रथिन असतं, आणि अर्धेकच्चे दाणे खाल्ले तर उलट्या-जुलाब होऊ शकतात. रात्रभर भिजवावं, ते पाणी टाकून द्यावं आणि पुढे किमान दहा मिनिटं तरी खळखळून उकळावं. महाबळेश्वरला, सुमारे साडेतेराशे मीटर उंचीवर, पाणी शंभराऐवजी पंचाण्णव-शहाण्णव अंशांनाच उकळतं. तिथे उघड्या पातेल्याचा नाद सोडून कुकरच लावावा. त्यात तापमान एकशे वीस अंशांच्या जवळ जातं.

रात्रीचे शेंगोळे उरले तर सकाळी ते घट्ट झालेले दिसतात आणि रस्सा जवळपास आटलेला. पाणी कुठे उडून गेलेलं नसतं. बरंचसं कड्यांनी शोषलेलं असतं, आणि निवताना पिष्टाचे रेणू पुन्हा एकमेकांना धरून बसलेले असतात. वाटीभर उकळतं पाणी घालून मंद आचेवर ठेवलं की साठ-सत्तर अंशांपुढे यातले बरेच बंध सुटतात आणि कडी मऊ होतात. काही बंध या आचेला दाद देत नाहीत. तेवढं पिष्ट लहान आतड्यात न पचता मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंना मिळतं. गरम करताना मीठ-तिखट पुन्हा घालू नये, आणि थंडी असली तरी हे उरलेलं त्याच सकाळी संपवावं.