गुलाबाची उन्हाळी छाटणी व भुंगेऱ्यांचा बंदोबस्त (मुंबई परिसर)

पावसाळ्यापूर्वी गुलाबाच्या झुडपाची केलेली हलकी छाटणी आणि त्याच सुमारास जमिनीतून निघणाऱ्या भुंगेऱ्यांपासून कोवळ्या पालवीचे रक्षण, या दोन कामांचा विचार मुंबईत एकत्रच करावा लागतो. गुलाबाची मुख्य छाटणी येथे पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबरात होते व तिच्यानंतर सहा ते सात आठवड्यांनी बहर येतो. उन्हाळी छाटणी तिला पर्याय नव्हे.

छाटणीच्या काळाबद्दल जाणकारांत एकमत नाही. उत्तरेकडील मैदानी प्रदेशात वर्षाकाठी एकच, ऑक्टोबरातली छाटणी पुरेशी मानतात. पुणे-नाशिककडे ऑक्टोबर व जून अशा दोन छाटण्या घेण्याची पद्धत आहे. मुंबईतील हौशी बागांत दुसरी पद्धत घाटावरूनच आली असावी, कारण कलमेही बहुधा तिकडूनच येतात. मात्र दोन्हीकडच्या पावसात मोठे अंतर आहे. पुण्यात वर्षाला साधारण 700 मिमी. पाऊस पडतो, तर सांताक्रूझला 2,000 मिमी.हून अधिक. मुंबईत मॉन्सूनच्या आगमनाची सर्वसाधारण तारीख 11 जून व माघारीची 8 ऑक्टोबर धरतात (2020 पूर्वी या अनुक्रमे 10 जून व 29 सप्टेंबर होत्या). जूनच्या आरंभी झुडूप निम्म्यावर आणले, तर ओल्या जखमांतून बुरशी शिरते आणि फांदी शेंड्याकडून काळी पडत खाली मरत येते. एप्रिल-मेमध्ये खोलवर छाटल्यास पानांची सावली जाऊन खोडाची साल उन्हाने भाजते. म्हणून मुंबईपुरते तरी एका मुख्य छाटणीचे मत अधिक ग्राह्य वाटते. मेच्या पूर्वार्धात सुकलेली, रोगट व एकमेकींवर घासणारी काडी काढावी, वाळलेली फुले पहिल्या सशक्त पानापर्यंत खुडावीत आणि तेथेच थांबावे.

काप धारदार सिकेटरने (छाटणीच्या कात्रीने), बाहेरच्या बाजूस तोंड असलेल्या डोळ्याच्या (जेथून नवा कोंब फुटतो त्या उंचवट्याच्या) सुमारे अर्धा सेंमी. वर, तिरका घेतात. उतार डोळ्याच्या विरुद्ध बाजूस ठेवला म्हणजे पाणी डोळ्यावर उतरत नाही. कापलेल्या तोंडाशी गाभा तपकिरी दिसला, तर पांढरा-हिरवट गाभा लागेपर्यंत आणखी खाली कापावे. तपकिरी गाभ्यावर ठेवलेला काप हे फांदी मरत येण्याचे नेहमीचे कारण असते. तोंडावर बोर्डो मलम लावतात (मोरचूद 1 किग्रॅ., कळीचा चुना 1 किग्रॅ., पाणी 10 लि.). चार-सहा कुंड्यांसाठी याच प्रमाणात काही ग्रॅमचे मलम पुरते. वेली गुलाबांना फुले बहुधा जुन्या काडीवरच्या आखूड फुटव्यांना येतात, तेव्हा त्यांची फक्त मेलेली काडी काढतात.

याच वेळी खुंटाचे (ज्या रानटी गुलाबावर कलम बांधतात त्याचे) फुटवे काढावे लागतात. सात पर्णिकांचे (एका देठावरील छोट्या पानांचे) पान दिसले की ते रानटी, असा समज रूढ आहे; पण तो भरवशाचा नाही. ‘मल्टिफ्लोरा’ खुंटाला सात ते नऊ पर्णिका व देठाच्या बुडाशी झालरीसारखी उपपर्णे असतात, हे खरे. ‘एडवर्ड’ खुंटाला मात्र पाच पर्णिकांची पानेही येतात आणि कित्येक कलमी वाणांना सात येतात. या ‘एडवर्ड’च्या मूळस्थानाबद्दलही वाद आहे. तो बूरबाँ या संकरित गुलाबांच्या गटातला असून रेयुन्याँ (पूर्वीचे बूरबाँ) बेटावर 1817 च्या सुमारास दमास्क व चिनी गुलाबांच्या कुंपणात झालेल्या नैसर्गिक संकरातून निघाला, हे मत सर्वसाधारणपणे मान्य आहे. हा गुलाब त्याआधीच कलकत्त्याच्या बागांत होता, असेही काही अभ्यासक मानतात. दुसऱ्या मतामुळे भारतातील त्याच्या दीर्घ वापराचा उलगडा होतो, तरी सबळ पुरावा पहिल्याकडे झुकतो. बागेत निर्णय करताना फुटवा डोळा भरलेल्या गाठीच्या खालून निघाला आहे की वरून, एवढेच पाहावे. खालचा फुटवा न कापता मुळाशी धरून खाली ओढून काढतात. कापल्यास तो दुप्पट जोमाने येतो.

महाराष्ट्रात हुमणी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अळ्यांचे भुंगेरे (मुख्यतः ‘हॉलोट्रिकिया’ प्रजातीतील) वळवाच्या पहिल्या चांगल्या सरीनंतर, मे-जूनमध्ये, दिवेलागणीला जमिनीतून निघतात. कडुनिंब, बाभूळ, बोर अशा झाडांवर त्यांचे मीलन होते, रात्रभर ते पाने खातात आणि उजाडण्यापूर्वी मातीत परततात. आरे व बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानालगतच्या वस्त्यांत पहिल्या पावसात दिव्यांवर आदळणारे तपकिरी कीटक पुष्कळदा याच किंवा जवळच्या गटांतले असतात. गुलाबावर ‘अ‍ॅडोरेटस’ प्रजातीतील लहान भुंगेरेही येतात व पानाची चाळण करतात. सकाळी पान खाल्लेले, खालच्या पानांवर काळसर विष्ठेचे कण आणि झुडपावर एकही कीटक नाही, ही रात्री खाणाऱ्या भुंगेऱ्यांची खूण होय. छाटणीनंतर दहा-पंधरा दिवसांत फुटणारी लालसर पालवी नेमकी या काळात सापडू नये, यासाठीही मेच्या अखेरीस कापाकापी टाळणे इष्ट.

रात्री आठच्या पुढे झाडाखाली कापड धरून फांद्या हलवाव्यात व पडलेले भुंगेरे रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाकावेत. हा उपाय जुना असला, तरी त्याची बरोबरी क्वचितच कशाने होते. अंडी घालण्यापूर्वी मादी हाती लागते, हे त्यामागचे मर्म. शेजारच्या सदनिकांनी एकाच आठवड्यात हे केले तर फळ अधिक मिळते. निंबोळी अर्काची शिफारस सर्वत्र आढळते. परंतु हे भुंगेरे कडुनिंबाचा पाला आवडीने खातात, हे लक्षात घेता त्यावर फार विसंबू नये. अळ्यांवर ‘मेटारायझियम’ ही मित्रबुरशी कुजलेल्या शेणखतातून देतात. तिला ओल लागते, त्यामुळे पावसाळा तिला अनुकूल. गॅलरीतील कुंड्यांत तीव्र कीटकनाशकांचे दाणे टाकणे घरातील मुलाबाळांच्या दृष्टीने धोक्याचे आहे.

कुंडीत सापडलेली प्रत्येक पांढरी, इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखी वळलेली अळी हुमणीची नसते. शेणखतातून येणारी, अंगठ्याएवढी जाड अळी बहुधा गेंड्या भुंग्याची असते. तो माडाचा शत्रू असून त्याची अळी कुजलेल्या पदार्थावर जगते. अळी सपाट फरशीवर ठेवावी. पाठीवर उताणी होऊन सरपटू लागली, तर ती फुलभुंगेऱ्यांच्या गटातली समजावी. ही अळीही कुजके खाते व मुळांना सहसा उपद्रव देत नाही. तिचा प्रौढ, विशेषतः तांबूस अंगावर काळे-पांढरे ठिपके असलेला ‘ऑक्सिसेटोनिया’, मात्र दिवसा उमललेल्या गुलाबाच्या पाकळ्या व पुंकेसर कुरतडतो. तो सकाळी फुलात सुस्त बसलेला असताना हाताने वेचता येतो.

परदेशी उद्यानग्रंथांत गुलाबाच्या संदर्भात जो जपानी भुंगेरा येतो, तो अमेरिकेत 1916 मध्ये न्यू जर्सी राज्यात प्रथम आढळला. त्याच्यासाठी तेथे सांगितलेले जून-ऑगस्टचे वेळापत्रक मुंबईस लागू पडत नाही.