उंचवटे, खळगे आणि चेंडूचा टप्पा

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर लाहिंच येथे एक गोल्फ मैदान आहे आणि त्यात ‘डेल’ नावाचा एक छोटा होल, म्हणजे पहिल्या फटक्याच्या जागेपासून भोकापर्यंतचा मैदानाचा एक टप्पा, आहे. त्याचे ग्रीन, म्हणजे ध्वज आणि भोक असलेला बारीक कापलेल्या गवताचा भाग, वाळूच्या टेकड्यांमध्ये असे दडलेले आहे की फटका मारणाऱ्याला ते दिसतच नाही. समोरच्या टेकडीवर एक पांढरा दगड ठेवलेला असतो. भोकाची जागा बदलली की तोही सरकवतात, आणि खेळाडूने त्याच्या रोखाने चेंडू पलीकडे धाडायचा असतो. स्कॉटिश गोल्फपटू आणि मैदानांचे आराखडाकार ओल्ड टॉम मॉरिस यांनी १८९४ मध्ये या मैदानाची आखणी केली, तेव्हापासून असे होल न्याय्य की अन्यायकारक हा वाद काही मिटलेला नाही.

या वादात एक गोष्ट बहुधा निसटते. चेंडू कुठे जाईल याची अनिश्चितता वाऱ्यामुळे येते तशी जमिनीच्या आकारामुळेही येते, आणि हा दुसरा भाग समजायला साधी भूमिती पुरते. २०० मीटरच्या फटक्याची दिशा एका अंशाने चुकली, तर चेंडू सुमारे साडेतीन मीटर बाजूला पडतो. आता तो १० मीटर त्रिज्येच्या घुमटासारख्या उंचवट्यावर पडतो असे समजा. तिथे टप्प्याची जागा एका मीटरने सरकली, तर पायाखालचा उतार जवळजवळ सहा अंशांनी बदलतो, आणि आरशावरून किरण परततो तशी उसळी धरली, तर चेंडूची दिशा त्याच्या दुपटीने, म्हणजे सुमारे साडेअकरा अंशांनी वळते. माती आणि गवत बरीच ऊर्जा शोषून घेतात, त्यामुळे प्रत्यक्षात फरक इतका पडत नाही, पण कल तोच राहतो. बहिर्वक्र पृष्ठभाग लहान चूक मोठी करतो. गणिती याकोव सिनाई यांनी १९७० मध्ये चौकोनी बिलियर्ड टेबलाच्या मध्यभागी गोल अडथळा असल्याची कल्पना करून याच गुणधर्माचा अभ्यास केला होता. जवळजवळ एकाच मार्गाने निघालेले दोन चेंडू त्या अडथळ्यावर आदळत गेले की झपाट्याने दुरावतात.

अंतर्वक्र जमिनीचे वागणे उलट असते. वाटीसारख्या खळग्यात इकडेतिकडे पडलेले चेंडू तळाकडे घरंगळतात, आणि चूक वाढण्याऐवजी झाकली जाते. डेलचे ग्रीन डोळ्यांना दिसत नसले, तरी मागच्या टेकडीवर जरा लांब गेलेला चेंडू पुष्कळदा खाली परत येतो. भीतिदायक दिसणारा होल असा क्षमाशील निघतो, याची मला नेहमी गंमत वाटते.

अर्थात टप्पा नीट पडायला जमीन टणक हवी. समुद्रकाठच्या वालुकामय जमिनीत पाणी लवकर मुरते, म्हणून तिथे चेंडू उसळतो आणि दूरवर घरंगळतो. ओलसर, मऊ हिरवळीवर तो पडतो तिथेच रुततो, आणि मग जमिनीच्या आकाराला फारसे काम उरत नाही.

फ्लोरिडातील टीपीसी सॉग्रास या १९८० मध्ये खुल्या झालेल्या मैदानाचा सतरावा होल नेहमी वेगळेपणाचे उदाहरण म्हणून दाखवला जातो. पाण्याने वेढलेल्या त्या ग्रीनची कल्पना आराखडाकार पीट डाय यांना त्यांच्या पत्नी ॲलिस डाय यांनी सुचवली. हा होल नाट्यमय आहे, पण मला तो लहरी वाटत नाही, कारण चेंडू एक तर ग्रीनवर राहतो किंवा पाण्यात जातो. याउलट स्कॉटलंडमधील नॉर्थ बर्विकच्या तेराव्या होलवर ग्रीनच्या अलीकडे दगडी कुंपणभिंत आहे आणि सोळाव्याच्या ग्रीनला मधोमध खोल घळ आहे. तिथे कोणत्या बाजूने जायचे आणि कोणता उतार वापरायचा हे खेळाडूलाच ठरवावे लागते, आणि दहा वेळा खेळलेल्याला नवख्यापेक्षा जास्त कळते. त्यामुळे तिथल्या खेळाला निव्वळ सोडत म्हणता येत नाही.

मग अशी अनिश्चितता हवीशी का वाटते? मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्त्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये माकडांवरील प्रयोगांतून दाखवले की संकेत मिळाल्यापासून बक्षिसाच्या क्षणापर्यंत मेंदूतील डोपामीन पेशींची (बक्षिसाच्या अपेक्षेशी निगडित असलेले डोपामीन हे रसायन सोडणाऱ्या पेशींची) सक्रियता हळूहळू चढत जाते, आणि बक्षीस मिळण्याची शक्यता निम्मी असताना ती सर्वाधिक असते. बक्षीस नक्की मिळणार किंवा मुळीच मिळणार नाही, अशा वेळी ही चढण दिसत नाही. गोल्फपटूच्या मनाविषयी यावरून थेट निष्कर्ष काढणे धाडसाचे ठरेल, तरी टेकडीआड दिसेनासा झालेला चेंडू शोधायला जाणाऱ्या माणसाची चाल पाहिली की हे साम्य डोक्यात येतेच. स्कॉटलंडमध्येच प्रेस्टविकला, जिथे १८६० मध्ये गोल्फची पहिली ‘ओपन’ स्पर्धा झाली, ‘आल्प्स’ या सतराव्या होलवरही ग्रीन टेकडीमागे लपलेले आहे. पुढचे खेळाडू आपला खेळ आटोपून तिथली घंटा वाजवतात, आणि मगच मागचे आपला फटका मारतात, चेंडू टेकडीपलीकडे जाताना पाहतात आणि तो कुठे विसावला हे पाहायला चढण चढू लागतात.