स्ट्रट्स व्हॅलिडेटर

अपाची स्ट्रट्स १ या जावा वेब फ्रेमवर्कमध्ये फॉर्ममधून आलेली माहिती तपासणारी यंत्रणा. क्रेग मॅकक्लानहन यांनी लिहिलेले स्ट्रट्स २००० साली अपाचीकडे आले. डेव्हिड विंटरफेल्ट यांनी तयार केलेला व्हॅलिडेटर १.१ या आवृत्तीपासून (२००३) त्याचा भाग झाला आणि त्याचा गाभा कॉमन्स व्हॅलिडेटर या स्वतंत्र लायब्ररीत गेला. स्ट्रट्स १ ची देखभाल २०१३ मध्ये अधिकृतपणे थांबली. त्यामुळे नवे काम यात सुरू करू नये; ही नोंद जुनी प्रणाली सांभाळणाऱ्यांसाठी आहे.

तपासणीचे नियम दोन एक्सएमएल फायलींत असतात. ‘व्हॅलिडेटर-रूल्स’ या फाइलमध्ये रिक्वायर्ड, मास्क (ठरावीक पॅटर्नशी जुळणी), मॅक्सलेंग्थ, इंटिजर, इंटरेंज (पूर्णांकाची किमान-कमाल मर्यादा), डेट, ईमेल अशा प्रकारांची जावा मेथडशी सांगड घातलेली असते. ती सहसा बदलावी लागत नाही. कोणत्या फॉर्मच्या कोणत्या फील्डला कोणता नियम, हे ‘व्हॅलिडेशन’ फाइलमध्ये लिहायचे. दोन्ही फायली ‘स्ट्रट्स-कॉन्फिग’ या मुख्य मांडणी फाइलमध्ये नोंदवलेल्या व्हॅलिडेटर प्लग-इनमार्फत लोड होतात.

तपासणी होतच नाही

सर्वाधिक आढळणारा आणि सर्वांत घातक दोष हाच, कारण तो गप्प असतो. फॉर्मच्या नावाने नियम सापडले नाहीत तर व्हॅलिडेटर एक्सेप्शन फेकत नाही. चुकांची रिकामी यादी परत करतो आणि फॉर्म बिनतपासणीचा पुढे जातो. लॉगमध्ये ‘अमुक फॉर्म तमुक लोकेलसाठी (भाषा-प्रदेशासाठी) सापडला नाही’ एवढा एकच इशारा उमटतो, तोही लॉगची पातळी ‘वॉर्न’ किंवा त्याहून तपशीलवार असेल तरच. म्हणून नियम बरोबर आहे का हे पाहण्याआधी तो चालला का, हे पाहावे.

नाव जुळवताना फॉर्मचा वर्ग कोणता हे महत्त्वाचे. व्हॅलिडेटरफॉर्म आणि डायनाव्हॅलिडेटरफॉर्म हे फॉर्म-बीनच्या (फॉर्मची माहिती धरून ठेवणाऱ्या जावा वस्तूच्या) नावाने नियम शोधतात. व्हॅलिडेटरअ‍ॅक्शनफॉर्म आणि त्याचा डायना भाऊ अ‍ॅक्शनच्या (विनंती हाताळणाऱ्या वर्गाच्या) पाथने. पहिल्यावरून दुसऱ्यावर गेल्यावर ‘व्हॅलिडेशन’ फाइलमधली नावे तशीच राहिली की तपासणी बंद पडते. साध्या अ‍ॅक्शनफॉर्मवरून बनवलेल्या वर्गाला हे नियम लागतच नाहीत. वर्गात व्हॅलिडेट मेथड स्वतः लिहिली असेल, तर तिच्यातून मूळ वर्गाची व्हॅलिडेट बोलवावी लागते. नाहीतर एक्सएमएलमधले सगळे नियम वगळले जातात.

अ‍ॅक्शन मॅपिंगमधला (कोणती विनंती कोणाकडे जाते याच्या नोंदीतला) ‘व्हॅलिडेट’ हा गुणधर्म मुळातच ‘ट्रू’ असतो, पण कोणीतरी चाचणीपुरता ‘फॉल्स’ केलेला सापडतो. त्याच मॅपिंगमध्ये ‘इनपुट’ दिलेला नसेल, तर चूक आढळताच परत जायला पान नसते आणि सर्व्हर ५०० क्रमांकाची चूक देतो. अनेक पानांच्या फॉर्ममध्ये फील्डचा पेज क्रमांक फॉर्मच्या पेज क्रमांकापेक्षा मोठा असेल तर ते फील्ड तपासले जात नाही. लपवलेले ‘पेज’ फील्ड पाठवायचे राहिले की पुढच्या पानांचे नियम असेच गळतात.

सुरू होतानाच अडते

‘स्ट्रट्स-कॉन्फिग’मधील घटकांचा क्रम डीटीडीने (एक्सएमएलची रचना सांगणाऱ्या फाइलने) ठरवून दिला आहे: फॉर्म-बीन्स, मग ग्लोबल एक्सेप्शन्स व फॉरवर्ड्स, अ‍ॅक्शन-मॅपिंग्ज, कंट्रोलर, मेसेज-रिसोर्सेस आणि सर्वांत शेवटी प्लग-इन. प्लग-इन वर सरकवला तर पार्सर (एक्सएमएल वाचणारा भाग) तक्रार करतो. डॉकटाइपमधल्या (फाइलला कोणती डीटीडी लागू ते सांगणाऱ्या ओळीतल्या) पब्लिक आयडीत एक अक्षर जरी चुकले, तरी स्ट्रट्सच्या जारमधली (लायब्ररी फाइलमधली) डीटीडीची प्रत ओळखली जात नाही आणि पार्सर ती इंटरनेटवरून आणायला निघतो. विकसकाच्या यंत्रावर हे खपून जाते. बाहेरचे नेटवर्क बंद असलेल्या सर्व्हरवर अ‍ॅप्लिकेशन उठतच नाही.

निकाल चुकीचा येतो

फॉर्म-बीनमध्ये वयासाठी ‘इंट’ प्रकार ठेवला आणि वापरकर्त्याने तिथे ‘पंचवीस’ लिहिले, तर तपासणीच्या आधीच बीनयुटिल्स (बीनमध्ये मूल्ये भरणारी लायब्ररी) त्याचे शून्य करते. इंटिजरच्या नियमाला शून्य दिसते आणि तो पास करतो. फॉर्ममधली फील्ड स्ट्रिंग ठेवावीत आणि रूपांतर अ‍ॅक्शनमध्ये करावे, हा नियम यासाठीच आहे. रिक्वायर्ड सोडून बाकीचे नेहमीचे नियम रिकाम्या फील्डला हरकत घेत नाहीत. म्हणून ‘डिपेंड्स’मध्ये (फील्डला लागणाऱ्या नियमांच्या यादीत) आधी रिक्वायर्ड, मग इंटिजर, मग इंटरेंज असा क्रम लावतात. इंटरेंजला ‘मिन’ किंवा ‘मॅक्स’ द्यायचे राहिले तर बरोबर आकडाही नाकारला जातो. मास्कच्या पॅटर्नला सुरुवातीची आणि शेवटची खूण हवीच: स्ट्रट्स १.३.१० सोबत येणारा कॉमन्स व्हॅलिडेटर अर्धवट जुळणीही मान्य करतो.

फॉर्म परत येतो पण संदेश दिसत नाही, तेव्हा बहुधा संदेशाची की (ओळखनाव) रिसोर्स फाइलमध्ये नसते. मेसेज-रिसोर्सेसमध्ये ‘नल’ हा गुणधर्म ‘फॉल्स’ करावा. मग हरवलेली की प्रश्नचिन्हांच्या कुंपणात थेट पानावर दिसते. विकास चालू असताना ही सोय कायम ठेवलेली बरी.

मराठी मजकूर

स्ट्रट्स १ संदेशांच्या प्रॉपर्टीज फायली आयएसओ-८८५९-१ समजून वाचते. जावा ९ पासून रिसोर्स बंडल यूटीएफ-८ मध्ये वाचले जातात, पण स्ट्रट्स स्वतःचा वेगळा वाचक वापरत असल्याने हा बदल त्याला लागू नाही. मराठी संदेश युनिकोड एस्केपमध्येच (अक्षरांऐवजी त्यांच्या युनिकोड क्रमांकांत) लिहावे लागतात आणि त्यासाठीचे नेटिव्ह-टू-अ‍ॅस्की हे साधन जेडीके ९ मधून काढून टाकले आहे. आता ते काम संपादकाकडून करून घ्यावे.

फॉर्ममधून येणाऱ्या मजकुराचे एन्कोडिंग, पहिला पॅरामीटर वाचला जाण्याआधी, फिल्टरमध्ये (विनंती सर्वांत आधी हाताळणाऱ्या कोडमध्ये) यूटीएफ-८ करावे. ‘क्षितिज’ हे नाव घ्या. डोळ्यांना तीन अक्षरे दिसतात, जावाला ती सात दिसतात, यूटीएफ-८ मध्ये २१ बाइट होतात. फिल्टर नसेल तर प्रत्येक बाइट स्वतंत्र अक्षर मानला जातो, लांबी २१ भरते आणि मॅक्सलेंग्थ २० असलेले फील्ड हे छोटेसे नाव नाकारते. फिल्टर असला तरी डेटाबेसचा कॉलम बाइटमध्ये मोजत असेल तर त्या कॉलमची मर्यादा तिप्पट धरावी.

नावासाठी इंग्रजी अक्षरांचाच मास्क ठेवला तर देवनागरी नाव अडते. युनिकोडचा ०९०० ते ०९७एफ हा पट्टा जोडला तरी पुरत नाही, कारण ‘अ‍ॅ’ लिहिताना बरेच कीबोर्ड अदृश्य जोडचिन्ह (२००डी) घालतात आणि ते या पट्ट्याबाहेर आहे. ते मास्कमध्ये घेतले नाही तर ‘अ‍ॅड.’ लिहिणाऱ्या वकिलाला चूक कुठे आहे हे पडद्यावर दिसणारही नाही. देवनागरी अंकांचा प्रकार वेगळाच: जावाचे पूर्णांक रूपांतर ‘१२३’ स्वीकारते, ब्राउझरमधली जावास्क्रिप्ट तपासणी नाकारते.

कॅन्सल

विनंतीत कॅन्सल बटणाचा ठरावीक पॅरामीटर असला की स्ट्रट्स तपासणी वगळते. बटण पानावर नसतानाही हा पॅरामीटर कोणीही हाताने जोडू शकतो. २००६ मध्ये ही त्रुटी नोंदली गेली आणि १.२.९ मध्ये दुरुस्त झाली: आता मॅपिंगला ‘कॅन्सलेबल’ स्पष्टपणे ‘ट्रू’ केल्याशिवाय असा पॅरामीटर आला तर एक्सेप्शन येते. आवृत्ती वाढवल्यावर पूर्वी चालणारी कॅन्सल बटणे अचानक अडू लागतात ती यामुळे. त्यांच्या मॅपिंगवर हा गुणधर्म एकेक करून द्यावा आणि त्या अ‍ॅक्शनमध्ये काहीही साठवण्याआधी विनंती रद्द झाली आहे का, हे तपासावे.